पाचवं बोट

मंगळवार, ३ मार्च

नाही केलं मी! शंभरदा सांगितलं. भिंतीला सांगितलं असतं तर तिनं तरी ऐकलं असतं.

सकाळी अंडी उबवायच्या मशीनमधून चाळीस पिल्लं काढली. अकरांना पाच-पाच बोटं! बाबांच्या कोंबड्यांची जात चार बोटांची, लांबून लोक येतात पिल्लं न्यायला. बाबांनी एक पिल्लू उलटं धरलं, बोटं मोजली, परत मोजली आणि थेट माझ्याकडे बघितलं. "तुझा तो पाच्या शिरला ना कोंबड्यांत? तूच सोडलास!"

पाच्या माझा कोंबडा. पाच बोटांचा, शेजारणीनं दिलेला. रविवारी कापणार म्हणे त्याला.

बुधवार, ४

मान्य, कोंबड्यांना नेलपॉलिश मी लावलं. दादाच्या बुटात अंडं मीच ठेवलं. म्हणून जगातलं सगळं माझ्याच नावावर? पाच्या महिनाभर कडी लावलेल्या खुराड्यात होता! दादा म्हणतो, "कडी काढायला तुला किती वेळ लागतो?" वर दात काढतो. मेला!

आत्या माझ्या बाजूनं बोलली असती. आई गेल्यावर तिनंच वाढवलं मला. पण डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पट्टी बांधून पडलीय. एरवी पिल्लं तीच काढते, कुणाला हात लावू देत नाही. या वेळी मी काढली — तर हे बक्षीस!

शुक्रवार, ६

जनावरांच्या डॉक्टरांना गाठलं. म्हणाले, "पाचवं बोट आई-बापातल्या एकाकडे असलं तरी पिल्लांत उतरतं."

बाबांना सांगितलं तर अंगावरच आले. "माझ्या सरकारच्या रक्तात खोट काढतेस?" सरकार म्हणजे त्यांचा लाडका कोंबडा, या सगळ्या पिल्लांचा बाप.

मी गेले आणि सरकारलाच उचललं. चोच मारली हरामखोरानं! मागच्या बोटाशेजारी बारीक गाठ. दुसऱ्या पायालाही, तिथंच. मग कोंबड्या धरल्या. सातजणींना गाठ!

बोट होतं तिथं. कुणीतरी कापलंय.

शनिवार, ७

आत्याला विचारलं.  म्हणाली, "पिल्लू निघालं की पाचवं बोट लगेच उडवते. नखं कापायच्या कात्रीनं."

"कधीपासून?"

"तू रांगत होतीस. वाटलं, कापत गेलं की जाईल हळूहळू. तुझ्या बाबाचा जीव आहे गं त्या जातीत. त्याला कळलं तर माझं तोंड बघणार नाही तो."

ओरडले मी! चार दिवस मी शिव्या खातेय आणि तू पडल्या पडल्या ऐकतेस? रडायला लागली. डोळ्याच्या डॉक्टरांनी रडू नका म्हणून बजावलंय तिला. पट्टी भिजली. इतका राग आला — तिचा, बाबांचा, त्या अकरा पिल्लांचासुद्धा!

रविवार, ८

बाबा सुरीला धार लावत होते. म्हटलं, "पाच्याला सोडा. शेजारणीकडची अंडी चोरून मी मशीनमध्ये ठेवली. गंमत म्हणून."

कानाखाली बसली. पाच्या सुटला.

मशीनमध्ये नवी अंडी परवाच ठेवलीत, सगळी सरकारची. एकवीस दिवसांनी पिल्लं बाबा स्वतः काढणार आहेत.