बाराशे फुटांवरची एकाग्रता

२ सप्टेंबर, सकाळी ६.३०
लायसन्स हातात येऊन बारा दिवस झाले. विमान मोटारीपेक्षा सोपं. वर ट्रॅफिक नसतो. रविवारी ताईला वर नेणार. ठरलं! फ्लाइंग क्लबमधल्या शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, इंजिन बिघडलं तर काय करायचं ते कार्ड पुन्हा वाचा, दोन्ही बाजूंनी. पहिली बाजू पाठ आहे. मागच्या बाजूला नुसत्या टिपा असतात.

४ सप्टेंबर
दवाखान्यात दाढ काढता काढता पेशंटला आकाशातली संकटं समजावली. तोंड उघडं असल्यामुळे त्याला एकही शंका आली नाही. रविवारी येतेस का, असं बायकोलाही विचारलं. म्हणाली, घरात एक तरी माणूस राहायला हवं. उंचीला घाबरत असणार.

६ सप्टेंबर
ताईचा फोन. मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाली, पण चौकशी सुटलेली नाही. विमानात माणसं किती? म्हणालो, दोनच, त्यातला एक मी. म्हणाली, मग वाचायचा चष्मा घेऊन येते. भारावली असावी.

७ सप्टेंबर, रविवार, दुपारी १
सविस्तर लिहितो. क्लबच्या मासिकाला उपयोगी पडेल.
हवा दमट. दोन हजार फुटांवर ताईला तिची शाळा दाखवत होतो. इंजिनाचा सूर बदलला. काट्यावर तेवीसशे फेरे होते, ते एकवीसशे, मग एकोणीसशे. ताईने विचारलं, हे असंच असतं का? हो म्हणालो. कार्ड तिच्या मांडीवर ठेवलं, केवळ तिचं मन रमावं म्हणून.
दमट हवेत इंजिनात बर्फ धरतो, हे मी तत्काळ ओळखलं. गरम हवेचा दांडा ओढला. इंजिन जास्तच धडधडलं, अख्खं विमान हादरलं. म्हणजे निदान चुकलं. दांडा परत आत ढकलला. फेरे सतराशे. खाली तलाव, विजेच्या तारा, एक अरुंद शेत. उंची बाराशे फूट.
इथे मी थोडा वेळ एकाग्र झालो.
ताई वाचत होती. वर्गात धडा वाचावा तशी, खणखणीत. नाक खाली, वेग पासष्ट. केलं. मग तिने कार्ड उलटलं. गरम हवेचा दांडा पूर्ण ओढा. बर्फ वितळताना इंजिन आधी जास्त खडखडेल. दांडा परत ढकलू नका.
"ओढ, बाळ्या," म्हणाली. "आणि आता सोडू नकोस."
ओढला. पुन्हा तीच धडधड. नऊशे फूट. तारांवर बसलेले पक्षी वेगवेगळे दिसायला लागले. आठशे. ताई तीच ओळ पुन्हा वाचत होती. सातशे. इंजिन एकदा जोरात खोकलं आणि सुरळीत चालू लागलं.
एकंदरीत, परिस्थिती मी उत्तम हाताळली.

९ सप्टेंबर
बाईंनी विचारलं, दांडा परत का ढकललात? म्हणालो, खात्री करून घेत होतो. तूर्त एकट्याने उडायचं नाही म्हणाल्या. विमानं कमी पडत असतील.
लेख तीनदा सुरू केला. एकाग्रतेच्या वाक्यापाशी अडतो.

१० सप्टेंबर
ताईने सगळ्या नातेवाइकांना सांगितलंय, बाळ्या होता म्हणून वाचले. काकांचा फोन, मावशीचा फोन. मावशी तर रडलीच. जेवण गेलं नाही.

११ सप्टेंबर, सकाळी ७
ताईला फोन केला. म्हणालो, ताई, बाराशे फुटांवर मी डोळे मिटून घेतले होते.
ती म्हणाली, माहीत आहे रे. म्हणून तर मोठ्याने वाचत होते.