तू परस्पर ठरवलेलं मिशन

आई, तुझ्यावर मी चिडलेय. ते आधीच सांगते, म्हणजे पुढे उगाच गोड बोलायला नको. आज सोमवार, आमच्या सुट्टीचा दिवस. सुट्टी म्हणजे कपडे धुवायचे, खालच्या कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे इथल्या वाण्याकडून, अंडी-भाजी आणायची आणि घरी मेल पाठवायची. बाबांना पाठवली. मजेत आहे, उकाडा फार आहे, जेवण वेळेवर होतं, बस. त्यांचंही ठरलेलं उत्तर येईल, 'ठीक. काळजी घे.' खरं काय ते ज्याला सांगावं असं घरात एकच माणूस होतं, आणि ते मी अकरा वर्षांची असताना तापाचं निमित्त होऊन निघून गेलं. जाण्यापूर्वी माझं पुढचं सगळं ठरवून गेलं, हे विशेष.

दहाव्या वाढदिवसाला मला सायकल हवी होती. तू लक्ष्मी रोडवरून निळी सूटकेस घेऊन आलीस. चाकांची. म्हणालीस, "मिशनला जाशील तेव्हा लागेल." दहा वर्षांच्या मुलीला! बाबा म्हणाले, "अगं, ती अजून पलीकडच्या गल्लीत एकटी जात नाही." तू म्हणालीस, "म्हणूनच." हॉस्पिटलात चौकशीच्या खिडकीत बसून तू लोकांना वॉर्डाचा रस्ता सांगायचीस, आणि जरा उसंत मिळाली की शेजारच्या बाईला सांगायचीस, माझी मुलगी मिशनला जाणार आहे. मी शाळा सुटल्यावर तुझ्या मागच्या स्टुलावर बसून डबा खात असायचे. सगळं ऐकायचे. मला कुणी विचारलं नाही. तू गेल्यावर तर नाही म्हणायची सोयच उरली नाही. जिवंत आईशी भांडता येतं. तू भांडायला थांबलीच नाहीस.

तर मी आले. पुण्याहून थेट बहरीनला, सनाबिसमध्ये, मॉलच्या मागच्या एका इमारतीत. लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात त्या आपल्या मंडळीच्या आम्ही दोघी मिशनरी, दीड वर्षासाठी घर सोडून सेवेला आलेल्या. तुझ्या डोक्यात मिशन म्हणजे तुला पुण्यात भेटून मंडळीत घेऊन आलेल्या त्या दोन मुली, उन्हातान्हात दारं ठोठावणाऱ्या. इथे दारोदार जाऊन धर्म सांगायची मुभा नाही, आणि ते बरंच आहे. आम्ही आपल्याच मंडळीतल्या बायकांना भेटतो, कुणाची नर्सची ड्यूटी असेल तर मुलं सांभाळतो, शुक्रवारी उपासनेच्या आधी खुर्च्या मांडतो. उजाडताच उठायचं, व्यायाम, प्रार्थना, अभ्यास. सिनेमा नाही, भटकणं नाही, आणि सोबतिणीला सोडून कुठेही जायचं नाही. बाथरूम सोडून. माझी सोबतीण अमेरिकेतल्या कुठल्याशा बटाट्याच्या शेतातून आलेली आहे. चांगली उंच, धिप्पाड, आणि डोळे उघडल्यापासून गाते. आमचा एसी रात्रभर ठिबकतो, खाली ठेवलेली बादली सकाळी ओतायला घेतली की ही बादलीवर ताल धरते. मराठीतला तिला एकच शब्द येतो, 'छान.' तो ती सगळ्याला वापरते. लिफ्ट बंद पडली, छान. एकदा मी रडत होते तर माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणाली, छान. वर मला सांगते, तुझी आई वरून बघतेय, तिला किती आनंद होत असेल. मी म्हटलं, बघतच असेल तर जरा नीट बघ म्हणावं.

लिफ्टमधूनच पुढचं सगळं सुरू झालं. एकदा मी वैतागून स्वतःशीच म्हणाले, "काय कटकट आहे देवा." मागून आवाज आला, "मराठी हाय व्हय गं तू?" वळून बघते तर नऊवारी नेसलेली, पायात मुलाने आणून दिलेले पांढरे बूट घातलेली एक आजी. कराडकडची. मुलगा सीफ भागातल्या बँकेत, सून एका ऑडिट कंपनीत, नातवंडांना मराठी कळतं पण उत्तर इंग्रजीत देतात. आजी दिवसभर बंद काचांच्या आत टीव्हीसमोर. सुनेने दुसऱ्याच दिवशी आम्हाला विचारलं, सकाळी अधूनमधून येऊन बसाल का, त्यांना बोलायला कुणीतरी हवंय. आमच्या मिशनच्या अध्यक्षांनी परवानगी दिली, धर्माचा विषय काढायचा नाही या अटीवर. मला हायसं वाटलं. आजींनी मात्र पहिल्याच दिवशी स्वतःच काढला.

"कोणत्या लोकांची तू?"

"आम्ही ख्रिश्चन, आजी."

"असू दे. चहा घेतीस न्हवं?"

"आम्ही चहा पीत नाही."

"पीत न्हाई म्हंजी? आजारी हायस?" मग सोबतिणीकडे बोट. "हिला बी न्हाई? एवढं थोरलं आंग ते कशावर पोसलं?"

सोबतीण हसून म्हणाली, छान.

दर वेळी हेच. दर वेळी आलं ठेचल्याचा आवाज, मग तो वास. आणि दर वेळी मला आपलं स्वयंपाकघर दिसतं. सकाळी तू ओट्याशी उभी आहेस, बाबांसाठी चहा टाकलायस, आपल्या मंडळीत चहा वर्ज्य, पण बाबा कधीच तिथे आले नाहीत म्हणून त्यांचा चहा सुटलेला नाही. उकळी येते तेव्हा तू वाकून एक खोल श्वास घेतेस, मग गाळून कप त्यांच्यापुढे ठेवतेस आणि स्वतः गरम पाणी पितेस. धर्म बदललास म्हणून तुझ्या सख्ख्या भावांनी तुला फितूर म्हटलं, ते तू हसून सोडून दिलंस. चहा सोडायला मात्र तुला वर्ष लागलं असं बाबा सांगतात. एकदा मी बाबांच्या बशीतला उरलेला घोट दाराआड प्यायले. तू मारलं नाहीस. म्हणालीस, "चोरून पिऊ नको. प्यायचा तर माझ्यासमोर पी, आणि मग मला सांग की तुला प्यायचा होता." आठ वर्षांच्या मुलीशी असं बोलतात का? चार फटके दिले असतेस तर विसरून तरी गेले असते.

आजींना घरी जायचं होतं. कराडला त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळली होती, फोनवर ओळखेनाशी झाली होती, आणि आजींना तिला एकदा बघायचं होतं, एवढंच. मुलगा वाईट नाही. "पुढच्या महिन्यात नेतो" म्हणायचा. आधी मुलांच्या परीक्षा होत्या, मग ऑफिसात कुणी रजेवर गेलं. एकटीला विमानात बसवायला तो तयार नव्हता. आजी म्हणायच्या, "ह्याचा पुढचा महिना रोज एक दीस पुढं सरकतो." मी ऐकून घ्यायचे. माझंही काही वेगळं नव्हतं. मीही मनात ठरवत होते, या सोमवारी अध्यक्षांना फोन करायचा, सांगायचं की मला परत पाठवा. मग तुझी सूटकेस दिसायची आणि मी म्हणायचे, पुढच्या सोमवारी. सूटकेससारख्या वस्तूवर राग काढता येत नाही, तो तुझ्यावर काढायचे.

आणि एका बुधवारी आम्ही बेल वाजवली तर दार नुसतं लोटलेलं. आत टीव्ही चालू, चहाचं पातेलं विसळून पालथं घातलेलं, आजी नाहीत. पांढरे बूट नाहीत. बाहेर ऊन असं, की जिन्याच्या लोखंडी कठड्याला हात लावता येत नव्हता. मी सुनेला फोन लावला, ती मीटिंगमध्ये. मुलाचा बंद. मला रडू फुटायच्या बेतात, आणि सोबतीण पहिल्यांदाच न हसता म्हणाली, "तुला भाषा येते, तू जा. त्या परत आल्या तर घरी कुणीतरी हवं. मी इथे थांबते." मी म्हटलं, "नियम?" ती म्हणाली, "जा!"

खाली कोल्ड स्टोअरवाले श्रीवर्धनकडचे चाचा आहेत, आमच्याशी नेहमी मराठीत बोलतात. ते म्हणाले, "मावशी? आत्ताच गेल्या की. पाण्याची बाटली घेतली नि विमानतळाची बस कुठं थांबते विचारत होत्या. मी म्हटलं बसा, मुलाला फोन करतो, तर माझ्यावरच उखडल्या." मी पळत सुटले. लांब स्कर्ट पायात येत होता, घाम डोळ्यांत जात होता, आणि आई, पळता पळता मी तुझ्याशी भांडत होते, की हे असलं काही तुझ्या त्या मिशनमध्ये होतं का.

मॉलच्या समोरच्या बसस्टॉपवर आजी बसलेल्या. मांडीवर कापडी पिशवी, तोंड लालबुंद, पदराने वारा घालत. मी समोर जाऊन ओरडलेच, "आजी, तिकीट नाही, काही नाही, कुठे निघालात?"

"वराडू नको. पासपोर्ट घेतलाय. तिकीट न्हाई ते मला बी ठावं हाय. थितं जाऊन बसून ऱ्हायची. पोलीस इचारतील, मी पोराचं नाव सांगीन. चार माणसांम्होरं तरी त्याला तिकीट काढाया लागंल."

मी त्यांच्या शेजारी बसकण मारली. त्यांनी आपल्या बाटलीतलं पाणी मला दिलं. मग म्हणाल्या, "तू का आलीस गं ह्या भट्टीत?"

"आईने सांगितलं होतं."

"काय करती आई?"

"गेली. मी लहान होते."

आजींनी माझ्याकडे बघितलं. "माझं पोर बी असंच सांगत आसंल ऑफिसात. आईसाठी करतुय म्हणून. आईला काय पायजे ते एकदा तरी इचारायचं!"

मला राग आला. त्यांचा, त्यांच्या मुलाचा, तुझा, सगळ्यांचा. एक बस आली. आजी उठल्या. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "आजी, मी तुमच्या मुलाशी बोलते. आजच बोलते. पण या उन्हात जाऊ नका, बहिणीला भेटायला जिवंत राहायला हवं ना?" बस दार उघडून थांबली, ड्रायव्हरने "यल्ला, यल्ला", चला चला, म्हणून हात हलवला. आजींनी एकदा पायरीकडे बघितलं. मग खाली बसल्या आणि म्हणाल्या, "बोललीस न्हाईस तर उद्या परत यीन."

मुलगा आला तेव्हा आम्ही घरी होतो. आजींना सरबत पाजून, पंख्याखाली निजवून. त्याने आधी आईकडे धाव घेतली, कपाळावर हात ठेवला, आणि मग वळून माझ्यावर बरसला. लक्ष ठेवायला बोलावलं होतं ना? मी म्हटलं, "लक्ष ठेवायला नाही, बोलायला बोलावलं होतं. त्या बोलल्या. त्यांना बहिणीला बघायचंय."

"हा आमच्या घरातला प्रश्न आहे. पुढच्या महिन्यात नेणारच आहे मी."

"पुढच्या महिन्यापर्यंत त्यांची बहीण थांबेल, असं कुणी सांगितलंय तुम्हाला?"

सून दारात उभी होती, ती हळूच म्हणाली, "व्हीलचेअर असिस्टन्स मिळतो एकटीने जाणाऱ्यांना. मी दोनदा सांगितलं होतं." त्याने तिच्याकडेही रागाने बघितलं. आम्हाला म्हणाला, "तुम्ही उद्यापासून येऊ नका. खलास."

संध्याकाळी अध्यक्षांचा फोन. मुलाने तक्रार केलेली. तुम्ही दोघी वेगळ्या झालात, दुसऱ्यांच्या घरच्या भांडणात पडलात, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. मी ठरवलं होतं, हीच वेळ, आता सांगून टाकायचं की पाठवा मला घरी. तोंड उघडलं तेवढ्यात सोबतिणीने फोन माझ्या हातातून घेतला. तिचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. ती म्हणाली, "हिला मीच पाठवलं, चूक असेल तर माझी, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा पाठवीन." फोन ठेवून ती जमिनीवर बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. मला वाटलं, फोनचा धसका. तर म्हणे, "मला रोज घरी जावंसं वाटतं. आले त्या दिवसापासून. गायचं थांबवलं तर बॅगच भरीन अशी भीती वाटते." इतके महिने एका खोलीत, हाताच्या अंतरावर झोपून मला हे माहीत नव्हतं. मला तिच्या गाण्याचा अजूनही त्रास होतो. फक्त आता मी तिला थांब म्हणत नाही, दुसऱ्या खोलीत जाते. म्हणजे जाता येत नाही, एकच खोली आहे.

आजी त्याच आठवड्यात कराडला गेल्या. व्हीलचेअरने, एकट्या, पांढऱ्या बुटांत. आम्हाला भेटू दिलं नाही. पण नंतर लिफ्टमध्ये सून भेटली. बहिणीने ओळखलं म्हणाली. नाव घेऊन हाक मारली, दोघींनी दुपारभर भांडण केलं कुठल्याशा जुन्या गोष्टीवरून, आणि त्यानंतर आठ-दहा दिवसांनी बहीण गेली. मुलगाही परवा खाली दिसला. माझ्याशी बोलला नाही. पण लिफ्टचं दार आमच्यासाठी धरून ठेवलं.

मी फोन केला नाही अध्यक्षांना. राहिलेय. तू सांगितलंस म्हणून नाही, हे लक्षात ठेव. मी इथे तुझ्या नावावर दिवस ढकलत होते, आणि तुझ्या नावावर पळूनही जाणार होते. आता जेवढं राहीन ते माझं मी राहीन, आणि चिडायचं तर माझ्या जबाबदारीवर चिडेन. मंडळी शिकवते की आपण पुन्हा भेटणार आहोत. भेटू तेव्हा पहिल्यांदा सायकलीचा विषय निघेल, तयारीत राहा.

मशीन थांबलंय, कपडे वाळत घालायला हवेत. हे मी बाबांनाही पाठवणार नाही. त्यांना वाटेल मी दुःखात आहे, आणि ते आणखी कमी बोलतील. पण एक गोष्ट तुला सांगायला हवी. वर तुझी म्हणून जी वाक्यं लिहिलीत, ती सगळी तू गेल्यावर बाबांनी मला पुन्हा पुन्हा सांगितलेली आहेत. शब्द पाठ आहेत. तुझा आवाज मात्र मला आठवत नाही, आई. तू काहीही बोललीस तरी ते मला बाबांच्याच आवाजात ऐकू येतं.