माळ्यावरच्या बरण्या

सांडोर, वसई
४ जानेवारी २०२५

चि. नेत्रास अनेक आशीर्वाद.

फोनवर दोन मिनिटांत तू चिडतेस आणि मी रडते, म्हणून तुझ्या बाबांनी पुढ्यात कागद ठेवला. इकडे सर्व ठीक. केळींना वाऱ्याचा मार बसला, वांगी मात्र भरपूर आली आहेत.

आता मुद्द्याचं. कळंबच्या मितेशकडची मंडळी २ फेब्रुवारीला, रविवारी, तुला बघायला येतायत. मुलगा शांत आहे, समुद्राजवळ पर्यटकांसाठी खोल्या चालवतो. तू तेहतिशीत आलीस. कुणी आवडतच नाही हे तू दहादा सांगितलंस, पण लग्नानंतर आवडू लागतो गं माणूस. मला तरी तुझे बाबा मुंडावळ्यांतूनच पहिल्यांदा नीट दिसले. तुझ्या संसारासाठी घेतलेल्या सहा बरण्या माळ्यावर धूळ खातायत. माझ्यामागे तुला कोण, या काळजीने घास उतरत नाही. तेवढं ये.

लोभ आहेच, रागावलीस तरी तो आटू देऊ नकोस.

तुझी आई

पुणे
९ जानेवारी

तीर्थरूप आईस सा. न. वि. वि.

मुंडावळ्यांचं वाचून हसले.

सोबत एक पुस्तक पाठवते आहे, मी केलेलं पहिलंच भाषांतर. जपानी चित्रकथा आहे, तिला मांगा म्हणतात. नायिका फुमिए माझ्यासारखी आहे. तिला मैत्रिणी हव्यात, भाचरं हवीत, गप्पा हव्यात. पण प्रेमात पडावं, कुणाला तसं जवळ घ्यावं, असं तिला कधी वाटतच नाही. कुणी दगा दिलेला नाही, आजार नाही, व्रत नाही. अशा माणसांना एसेक्शुअल आणि अरोमँटिक म्हणतात. मी आजवर ढीगभर मांगा वाचल्या. त्यांत अशी मुलगी असलीच तर शेवटी कुणीतरी येऊन तिला बरी करायचा. फुमिएला कुणी बरी करत नाही. भाषांतर करताना पहिल्यांदा वाटलं की मी एकटी नाही.

तू हट्ट धरलास तर दोन तारखेला येईन, साडी नेसून चहाही देईन. पण ती मितेशची फसवणूक होईल आणि माझीही. आधी पुस्तक वाच, मग सांग.

बाबांना नमस्कार. पुस्तक आवडलं नाही तरी भाषांतर करणारीवर माया राहू दे.

तुझी नेत्रा

सांडोर
१७ जानेवारी

चि. नेत्रास आशीर्वाद, पण आधी भांडण.

असलं पुस्तक आईला पाठवतात का? छापखान्याने मुखपृष्ठ मागच्या बाजूला लावलंय, तिकडे काणाडोळा केला. जपानी माणसं आधी उत्तर देतात आणि मग प्रश्न विचारतात, त्याचीही सवय झाली. सुरुवात किती छान! फुमिएचं मुळ्याच्या लोणच्याचं दुकान, ओळीने बरण्या, मैत्रीण गल्ल्यावर, भाचा बोटं चाटतोय, कोपऱ्यात एक म्हातारी गिऱ्हाईक चव घेतेय. फुमिए तोंडभर हसते. म्हटलं, हिचं आता सोन्याहून पिवळं होणार. आणि पुढे? दुकान गेलं, हसू गेलं, पाहुण्यांपुढे मान खाली घालून चहा. त्यांच्यातही मुली दाखवतात हे मला ठाऊक नव्हतं. शेवटच्या पानावर तिची आई तिच्या पोटावर किमोनोचा तो रुंद पट्टा आवळतेय आणि पोरगी खिडकीबाहेर बघतेय. संपलं पुस्तक! तू तर म्हणालीस, तिला कुणी बरी करत नाही.

शेजारच्या लूर्डसला दाखवलं. ती म्हणाली, आमच्यात लग्न नको म्हणणारी मुलगी चर्चची सिस्टर व्हायला निघाली की सगळं गाव निरोप द्यायला जातं; तुमच्यात तिला घरातसुद्धा सुखाने बसू देत नाहीत. मी म्हटलं, आमच्या नेत्राला देवाचंही वेड नाही, ती कुठे जाणार? त्यावर तिने विचारलं, तिने कुठे जायलाच कशाला हवं?

मला त्या आईचा भयंकर राग आला. दुकानात हसणारी पोर तिला दिसली नव्हती का, डोळे फुटले होते का तिचे, असं मी तुझ्या बाबांना ओरडून विचारलं. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. तेव्हा कळलं, आपल्या घरात तो पट्टा कुणाच्या हातात आहे.

काल मितेशच्या आईला फोन करून नाही म्हणून कळवलं. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं, तुमच्या मुलात खोट नाही, माझ्या मुलीतही नाही. तिला लग्न करायचंच नाही, आणि ते मला आत्ता कुठे ऐकू आलं. फोन ठेवल्यावर दोन घास जास्त जेवले.

त्या लेखकाला मात्र शेवट बदलायला सांग.

तुझी आई

पुणे
२२ जानेवारी

तीर्थरूप आईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात उघडलं आणि सगळ्यांसमोर रडले. लोक पाणी घेऊन धावले, तर मी हसत होते.

आई, जपानी पुस्तक उजवीकडून उघडतात. सांगायचं माझ्याकडून राहिलं. मुखपृष्ठ जागच्या जागी आहे, तूच अख्खी गोष्ट शेवटाकडून वाचलीस. पट्टा ही सुरुवात आहे आणि दुकान हा शेवट. मी पंधरा वर्षं सुलटं सांगत होते ते तुला पटलं नाही, आणि उलटं वाचून पटलं!

लेखिकेला तुझी तक्रार अजूनही कळवायची आहे का? तुझ्याइतका लोभ माझ्यावर आजवर कुणी केला नाही.

तुझी नेत्रा

सांडोर
२९ जानेवारी

चि. नेत्रास अनेक अनेक आशीर्वाद.

तक्रार मागे. आता उजवीकडून वाचलं, लूर्डसलाही वाचायला लावलं. तिने शेवटी टाळ्याच वाजवल्या. आणि एक सांगते. कोपऱ्यात चव घेणारी ती म्हातारी गिऱ्हाईक नव्हे गं, ती फुमिएची आई आहे. पहिल्या खेपेला मला तिची ओळखच पटली नव्हती.

रविवारी मंडळी येणार होती ना? आता आम्हीच दोघं पुण्याला येतोय, सहाही बरण्या घेऊन. संसार तुझा आहेच, त्याला नवरा लागतो असं मीच धरून बसले होते. एका बरणीत मुळ्याचं लोणचं घातलंय, आपल्या वाडीतल्या मुळ्याचं. बाकीच्या पाचांत काय भरायचं ते तू ठरव.

लोभ होताच, आता त्याला अट नाही.

कोपऱ्यात उभी राहून चव घेणारी,
तुझी आई