पडलेली आणि लोंबणारी सफरचंदे

मी, मेटा रोल्फ्स, वय त्र्याऐंशी, कै. क्लाउस रोल्फ्स यांची पत्नी, राहणार ओस्टरडाइक, नदीच्या बांधाच्या टोकाशी जी दोनच घरे आहेत त्यांतल्या पहिल्या घरात, हे सर्व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके शाबूत आहे. डॉक्टर म्हणतात हिवाळा निघेल, त्यापुढचे ते बोलत नाहीत. कोणाच्याही सांगण्यावरून किंवा दबावाखाली मी लिहीत नाही. सांगायला घरात कोणी नाही.

कलम पहिले. घर, सामान आणि बँकेतली शिल्लक माझ्या पश्चात माझी मुलगी फ्राउके हिची. ती घर विकणार, हे मला माहीत आहे. विकावे. क्लाउसची करवत मात्र विकू नये, खाडीत टाकावी.

कलम दुसरे. घरामागचे बोस्कोप सफरचंदाचे झाड आणि त्याखालची कुंपणापर्यंतची जमीन शेजारीण गेशे बेरेन्स हिला द्यावी. कारण लिहिते, म्हणजे फ्राउके वकील करणार नाही.

या झाडाची एक फांदी गेशेच्या आवारात जात असे. इथला कायदा असा की शेजाऱ्याच्या जमिनीवर आपोआप पडलेले फळ शेजाऱ्याचे, फांदीवरचे झाडाच्या मालकाचे. एका सप्टेंबरात गेशे दाताळे घेऊन फांदी हलवताना क्लाउसला दिसली.

“काय गं गेशे, आज वाऱ्याला दाताळं फुटलंय वाटतं?”

“वाऱ्याचं वारा बघेल. पडलेलं माझं, लोंबणारं तुझं. कायदा वाच जरा.”

“वाचतो की. चष्मा आणि करवत दोन्ही घेऊन येतो.”

दुसऱ्या दिवशी त्याने ती फांदी बुंध्यापासून कापली. फळांसकट. त्यानंतर दोन घरांत बोलणे राहिले नाही.

मग क्लाउस गेला. आमच्याकडे मयताच्या घरात त्या दिवशी ओव्हन लावत नाहीत. दफनानंतर लोक कॉफीला जमतात, तेव्हाचा केक लगतचे घर करते. मागायचा नसतो. आपला केकचा साचा शेजारच्या पायरीवर ठेवायचा. मी ठेवला. सकाळी तो माझ्या पायरीवर होता. रिकामा, धुतलेला.

फ्राउके म्हणाली, “आई, एवढं काय त्यात? दुकानात मिळतो की.” तिने आणला. पन्नीसकट टेबलावर ठेवला. लोक “छान आहे” म्हणाले आणि कोणी दुसरा तुकडा घेतला नाही. क्लाउसला मी असे पोचवले.

तेव्हा झाड गेशेला. पडलेली आणि लोंबणारी, सगळी तिची. अट काही नाही. अट घालून केलेला केक मला नको.

कलम तिसरे. मी गेल्यावर फ्राउकेने माझा साचा, कड सुटी होते तो, गेशेच्या पायरीवर ठेवावा. सोबत चिठ्ठी नको. परत आला तर परत आला.

कलम चौथे. फ्राउकेला कधी तो केक करावासा वाटलाच तर: सफरचंदे सोलून अर्धी करावीत, बिया काढाव्यात, गोल पाठीवर जवळजवळ चिरा द्याव्यात. चिरा खालपर्यंत नेऊ नयेत. तू नेतेस, मग फोडी पिठात विस्कटतात. लोणी, साखर, अंडी, मैदा. दालचिनी नको. अर्धुके पाठ वर करून ठेवावीत, दाबू नयेत. केक फुगताना ती आपणच बुडतात.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला इथे साक्षीदार लागत नाहीत. तरी दोघांना बोलावले. पाद्री टिमान म्हणाले, “मेटाबाई, एका झाडासाठी एवढं?” मी म्हणाले, “तुम्ही सही करा. कॉफी गार होतेय.”

साक्षीदार: एगर्ट टिमान, पाद्री. इल्सबे कोर्डेस, टपालवाली.
सही: मेटा रोल्फ्स
ओस्टरडाइक, २१ ऑक्टोबर २०१९

पुरवणी

गेशे बेरेन्स सोमवारी वारली. कलम दुसरे आणि तिसरे रद्द समजावे. झाड घराबरोबर जाईल.

मंगळवारी तिचा पुतण्या दारात उभा होता. हातात तिचा साचा. मला तो ओळखत नव्हता.

“काकूंनी सांगून ठेवलं होतं, हा शेजारच्या पायरीवर ठेवायचा. बोलायचं नाही म्हणाल्या होत्या. पण तुम्हीच दार उघडलंत.”

“आणखी काय म्हणाली?”

“म्हणाल्या, ती करेल.”

मी केला. तळघरातली शेवटची बोस्कोप होती, साल सुरकुतलेली, अशा वेळी ती गोड होतात. चिरा नीट पडल्या. लोकांनी दुसरा तुकडा मागून घेतला. साचा धुऊन पुतण्याला दिला. त्याने तिच्या घराला कुलूप लावले.

लगतचे घर आता नाही. फ्राउके, माझा साचा कोणाच्या पायरीवर ठेवू नकोस. केक दुकानातून आण. पन्नी काढून ठेव.

सही: मेटा रोल्फ्स
ओस्टरडाइक, ८ फेब्रुवारी २०२०