भाची काय बोलली ते मी सांगणार नाही

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. (खरंच वाकले. पेन टेबलाखाली पडलं होतं, तेवढ्यात नमस्कारही उरकून घेतला.) तुझं ब्लडप्रेशर आटोक्यात असेल, भावोजींचा गुडघा कुरकुरत नसेल आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंशी तुझा अबोला नेटाने चालू असेल, असं धरून चालते. आम्ही बरे आहोत. तुझी लेक माझ्या घरी आहे, नीट जेवते, नीट झोपते, हे मी पहिल्याच दिवशी फोनवर सांगितलं. त्यानंतरच्या तीन फोनांत मात्र मला एकही वाक्य पुरं करता आलेलं नाही. हे पत्र त्यासाठीच लिहिते आहे, कारण पत्रात मला कुणी मधेच तोडू शकत नाही.

आता मुद्द्याचं. अकरा दिवसांपूर्वी ती परीक्षेच्या हॉलमधून अर्धा पेपर टाकून उठली आणि घरी न जाता बस पकडून थेट माझ्या दारात आली. तुझ्या जिवाचं काय झालं असेल ते मला कळतं. पण काल तुझं पत्र आलं, त्यात ना कसे आहात, ना काय. नुसत्या तीन ओळी: "ती तुझ्यापाशी काय बोलली ते सगळं लिहून कळव. तू तिची मावशी आहेस, डॉक्टर नाहीस. उत्तर उलट टपाली पाहिजे." वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तर हे घे उलट टपाली उत्तर: नाही कळवणार. तू मोठी आहेस, माझ्या वेण्या घातल्यास, मला सायकल शिकवलीस (आणि गटारात पाडलंस), सगळं मान्य आहे. तरीही नाही.

तू म्हणशील, एवढा कसला ताठा. म्हणून सविस्तर सांगते. चहा घेऊन बस.

एकोणीस वर्षं मी शाळेत समुपदेशक आहे आणि एकोणीस वर्षं तू नातेवाइकांत सांगत आली आहेस की धाकटी शाळेत गप्पा मारायला जाते आणि त्याचा पगार घेते. मी कधी मनावर घेतलं नाही. (घेतलं. पण बोलले नाही.) सुरुवातीला शाळेने मला जी खोली दिली ती खेळाच्या सामानाची. निम्म्या खोलीत मी, निम्म्या खोलीत जाळ्या, बॅटी आणि हवा गेलेले चेंडू. खेळाच्या सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं की बाई, रडारड चालेल, पण उड्या मारायच्या गाद्यांवर बसून नको. पुढे मला चांगली प्रशस्त खोली देऊ केली होती, ऑफिसशेजारी, दारावर पितळी पाटी लावून. मी ती नाकारली. सगळ्यांना वाटलं बाईचं डोकं फिरलं. पण ताई, त्या पितळी पाटीखालून आत जाताना एका जरी मुलीला कुणी पाहिलं असतं, तर दुपारपर्यंत अख्ख्या शाळेत तिच्या नावाचा बोभाटा झाला असता. माझ्या खोलीत येणारं पोर वर्गात हात वर करून सांगतं, "बाई, चेंडू आणायला जाऊ?" आणि कुणी मान वर करून बघतसुद्धा नाही. गेल्या वर्षी खेळाच्या सरांनी तक्रार केली की चेंडू न्यायला एवढी मुलं येतात आणि मैदानावर एकही चेंडू दिसत नाही.

आठवड्यातून तीन संध्याकाळी मी कुटुंबांना भेटते, ती जागा दातांच्या दवाखान्याच्या वर आहे. एकच जिना. त्यामुळे एकदा गाल सुजलेले एक गृहस्थ माझ्यासमोर येऊन बसले, मी विचारलं कधीपासून दुखतंय, ते म्हणाले फार जुनं आहे, मी म्हटलं सावकाश सांगा, आणि ते वडिलांपासून सुरू झाले. चाळीस मिनिटांनी डोळे पुसत उठले आणि दारात जाऊन म्हणाले, आता दाढ कधी काढणार? (मी त्यांना खाली पोचवलं. दाढ काढून ते पुन्हा वर आले, वडिलांचं राहिलेलं सांगायला.) तिथे मी माणसांना एकमेकांच्या खुर्चीत बसवते. बाप मुलीच्या जागी, मुलगी बापाच्या. घरातल्याचं सोंग वठवायला शिकवावं लागत नाही. एका मुलीने बाप होऊन अर्धा तास मोबाइलवरून नजर काढली नाही, नुसतं हं हं केलं, आणि मुलीच्या खुर्चीतल्या बापाने शेवटी तो मोबाइल तिच्या हातातून काढून घेऊन बंद केला. (हेही मी तुला सांगायला नको होतं, पण ते कुटुंब परदेशी गेलं आणि ही गोष्ट आता ते स्वतःच सगळ्यांना सांगतात.) घरी मात्र ही विद्या कुचकामी ठरते. तुझ्या मेहुण्यांना मी परवा म्हटलं, तुम्हाला थकल्यासारखं वाटतंय का? ते म्हणाले, मला थकल्यासारखं वाटत नाही, दोन तास चहा मिळाला नाही असं वाटतं.

आता या महिन्यातला प्रकार. आमच्या संचालक मंडळाच्या अध्यक्षांची मुलगी नववीत आहे. ती काही दिवस चेंडू आणायला येत होती. का येत होती, ते राहू दे. अध्यक्षांना कुठून तरी कुणकुण लागली आणि त्यांनी मुख्याध्यापिकांमार्फत निरोप धाडला की मुलीबद्दलच्या नोंदींची वही पाठवून द्यावी. मी निरोप धाडला की मिळणार नाही. मग लेखी पत्र आलं. मी लेखी नाही म्हटलं. मग दुसरं पत्र आलं, त्यात लिहिलं होतं की येत्या गुरुवारी तीन सदस्य चौकशीला येतील, वही त्यांच्या हवाली करावी, अन्यथा खोली रिकामी करून द्यावी. मुख्याध्यापिका मला बाजूला घेऊन म्हणाल्या, अहो, एक वही ती काय, द्या आणि मोकळ्या व्हा, वर्षं भरायला किती राहिली तुमची? मी म्हटलं, बाई, मी उद्या घरी बसले तरी पेन्शनीत भागवीन, पण ज्या मुलीने पोटातलं ओठावर आणलं ती पुन्हा कुणापाशी तोंड उघडणार नाही. त्याही चौकशीच्या तिघांपैकी एक होत्या बिचाऱ्या.

गुरुवारी दुपारी तिघं आले. अध्यक्ष, मुख्याध्यापिका आणि मंडळाचे वकील. नेमक्या त्याच दिवशी माझ्या खोलीतल्या मोठ्या खुर्च्या कार्यक्रमासाठी सभागृहात गेल्या होत्या (मी पाठवल्या नव्हत्या, शपथ घेते) आणि उरल्या होत्या त्या बालवर्गाच्या. तिघंही त्यांत बसले. गुडघे हनुवटीला टेकले. वकिलांना फाइल ठेवायला मांडीच उरली नाही, ती त्यांनी डोक्यामागे एका जाळीत अडकवली. आणि मग ताई, माझ्या हातून सवयीने एक चूक झाली. समोर कुणीही बसलं की मी जे पहिलं वाक्य म्हणते, तेच म्हणून गेले: इथे जे बोललं जाईल ते इथेच राहील, चालेल ना? तिघांनी माना डोलावल्या. औपचारिक वाटलं असणार त्यांना, सभेच्या आधी मागचं इतिवृत्त मंजूर करतात तसं.

वकिलांनी विचारलं, वही कुठे आहे? मी काहीच बोलले नाही. मुद्दाम नव्हे. आमच्या धंद्यात प्रश्न आला की लगेच उत्तर द्यायचं नसतं, माणसाला त्याच्या प्रश्नापाशी थोडं थांबू द्यायचं असतं. भिंतीवरच्या घड्याळात मी बघत होते. वीस सेकंद. तीस. चाळीस सेकंद आम्ही चौघं मोठी माणसं बालवर्गाच्या खुर्च्यांत मूग गिळून बसलो होतो. मग एकाचा धीर सुटला आणि तो बोलायला लागला. (किंवा लागली. कोण ते सांगणार नाही.) वहीबद्दल नाही. आपण नववीत असताना कुणाला तरी विश्वासाने सांगितलेली एक गोष्ट घरी कशी पोचली आणि पुढे काय झालं, याबद्दल. त्यावर दुसऱ्याला आपलं आठवलं. तिसरा बराच वेळ छताकडे बघत होता, आणि मग तोच सगळ्यात जास्त बोलला. कोण काय म्हणालं ते विचारू नकोस, ताकास तूर लागू देणार नाही. एवढंच सांगते की माझ्याकडचा कागदी रुमालांचा खोका संपला, आणि शेवटी खेळाच्या सरांचे घाम पुसायचे टॉवेल काढावे लागले.

सव्वा तासाने तिघं उठले. उठायला एकमेकांचा हात धरावा लागला. वकील जिन्यापर्यंत जाऊन परत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, आजचं काही त्या वहीत लिहिणार नाही ना तुम्ही?"

मी म्हटलं, "लिहीन. पण ती वही कुणाला मिळत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे."

दुसऱ्या दिवशी ठराव आला. समुपदेशकाच्या नोंदी गोपनीय राहतील, त्या मागण्याचा अधिकार कोणत्याही सदस्यास नाही. खाली तिघांच्या सह्या, वकिलांची सर्वांत ठसठशीत. आणि परवा शाळा सुटताना अध्यक्ष माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलेले दिसले. मुलगी आत होती. मला वाटलं, आला पुन्हा बाबा. पण ती बाहेर आल्यावर त्यांनी तिला काही विचारलं नाही. तिचं दप्तर घेतलं आणि दोघं चालायला लागले.

तेव्हा ताई, ज्या तोंडाचं कुलूप तीन माणसांची समिती उघडू शकली नाही, ते तुझ्या तीन ओळींनी उघडेल ही आशा सोड. तू चिडशील, अबोला धरशील, वरच्या बाईंच्या यादीत माझं नाव घालशील. घाल. मी माझ्या भाचीचा विश्वास मोडणार नाही, आणि उद्या ती तुझ्याजवळ माझ्याबद्दल काही बोलली तर तेही तू मला सांगू नकोस.

भावोजींना नमस्कार. गुडघ्याला शेक.

तुझी न ऐकणारी,
धाकटी

ता. क. तिच्या कॉलेजात चौकशी केली आहे. राहिलेला पेपर दोन महिन्यांनी देता येतो. फॉर्म आणला आहे. भरलेला नाही, तो तिने भरायचा.

ता. क. २. बंद केलेलं पाकीट पुन्हा उघडलं, कारण एवढं सगळं लिहून मला खोटं वागायचं नाही. ताई, तिने मला काहीही सांगितलेलं नाही. अकरा दिवसांत अवाक्षर नाही. मी माझी सगळी हत्यारं वापरून पाहिली. खुर्ची बदलली, ती शांतपणे माझ्या खुर्चीत बसून माझं मासिक वाचत राहिली. गप्प बसून पाहिलं. पण तुझी लेक आहे ती, गप्प बसण्यात तिने मला वीस मिनिटांत हरवलं. माझाच धीर सुटला आणि मी तिला दहावीला गणितात नापास झाल्यावर गच्चीत लपून बसले होते ते सांगितलं, मग तू मला शोधत कशी आलीस तेही. मग मीच रडले. तिने माझ्या पाठीवर हात फिरवला आणि चहा करून आणला. त्या दिवसापासून घरात चहा वेळेवर मिळतो, हे खूश आहेत. तिच्या नावाची वही मात्र कोरी आहे. मी कसली गुपितं सांभाळणार, माझ्याकडे सांभाळायला काही नाही.

ता. क. ३. एक गोष्ट आहे. ती तिने मला सांगितलेली नाही, माझ्या डोळ्यांना दिसते, म्हणून लिहायला हरकत नाही. फोन वाजला की ती असेल तिथून उठते आणि दारात येऊन उभी राहते. तुझा आवाज असला की तिथेच थांबते, ऐकते, आणि तू ओरडायला लागलीस की आत जाते. तुझा नसला तर तेवढंही थांबत नाही. तू ये. बस किती वाजता पोचते ते कळव. तुला घ्यायला स्टँडवर मी येणार नाही, ती येईल. तिला अजून मी विचारलेलं नाही.