रेषेवरचा साष्टांग

प्रिय आई,

साष्टांग नमस्कार. आज पाण्यालाही एक घालून झाला.

मी अंतिम फेरीत पोहोचले. मुख्य पंचांनी फोटो पुन्हा पुन्हा पाहून तसं जाहीर केलं. झालं असं, की शेवटच्या रेषेशी आनंदाच्या भरात मी वल्हं डोक्यावर उचललं आणि कयाकसकट पालथी झाले. ही नाव जेमतेम कमरेएवढी रुंद. वल्हं पाण्यातून सुटलं की तोल गेलाच. नावेचं टोक रेषेपार गेलं आणि मग मी पडले, म्हणून वाचले.

प्रशिक्षक म्हणाले, "बाई गं, मिरवायला काठावर जागा नव्हती का?" आणि स्वतःचा टॉवेल दिला.

मनगटाला पट्टी बांधली आहे, पण ती नुसती आधाराला. जेवण भरपूर मिळतं. बाबांचा गुडघा कसा आहे? त्यांना पडल्याचं सांगू नकोस. उगाच चपला घालून निघतील.

परवा सकाळी अंतिम शर्यत. पहिल्या तिघींत आले तर संघात राहीन, नाहीतर सामानासकट घरी. प्रशिक्षक रेषेशी उभे राहून "हात खाली!" म्हणून ओरडणार आहेत, आणि पहिली आले तरी मी सुतकी चेहऱ्यानंच रेषा ओलांडणार आहे.

तुझी, अजून न वाळलेली,
धाकटी