पापांची शीळ

रोसारिओ, ५ ऑक्टोबर १९८८

चि. लिसांद्रोस ताईचे अनेक आशीर्वाद, आणि एक लाडका धपाटा.

गेल्या आठवड्यापासून पापांनी धार लावायची सायकल बाहेर काढलेली नाही. मला ते काही बोलले नाहीत. समोरच्या ओफेलियाबाईनं सांगितलं आणि बेकरीवाल्यानं दुजोरा दिला. कारण तू आहेस, म्हणजे तुझं गाणं.

रेडिओवर तू म्हणालास, गाण्याच्या सुरुवातीची गिटार स्वप्नात सुचली. स्वप्न कसलं! ती पापांच्या पाव्याची शीळ आहे, झरझर चढणारी आणि तशीच उतरणारी. पूर्वी ती ऐकली की धारवाला आला हे कळायचं आणि बायका सुऱ्या-कात्र्या घेऊन खाली यायच्या. आता सगळ्यांना वाटतं, कुणाचा तरी रेडिओ लागलाय. परवा खुद्द ओफेलियानं खिडकीतून ओरडून सांगितलं की तो रेडिओ जरा हळू करा. खाली पापा पावा घेऊन उभे होते.

मी घंटा सुचवली. तर म्हणाले, घंटा आइस्क्रीमवाल्याची, मी काय आता आइस्क्रीम विकू? एका धारवाल्याची शीळ दुसरा वाजवत नाही, हे तुला ठाऊक आहे. तरी तुझ्यावर राग नाही. माते चहा पीत अंगणात बसतात आणि म्हणतात, पोरानं वाजवली मात्र छान. तेच मला बघवत नाही.

लोभ आहेच, त्याला जागावंस.
नेलिदा

बुएनोस आइरेस, १० ऑक्टोबर

ती. ताईस शि. सा. न.

धपाटा पोचला. या शहरातल्या पहिल्या हिवाळ्यात फार एकटं वाटायचं. गिटारवर ती शीळ काढली की वाटायचं, आई अजून आहे आणि सुरी घेऊन दाराकडे निघाली आहे. त्यातून गाणं झालं. लोक त्याला प्रेमगीत समजतात. आहेच ते.

शनिवारी, २२ तारखेला, आपल्या गल्लीमागच्या क्लबात आमचा कार्यक्रम आहे. सुरुवात मी वाजवणार नाही. पापांनी रंगमंचावर येऊन पाव्यावर वाजवावी. ही शीळ कुणाची आणि ती रस्त्यात ऐकू आली की काय करायचं, ते मी माइकवर सांगेन. तूच विचार. मला नाही म्हणतील.

माया असू दे, धपाटे कमी चालतील.
लिसांद्रो

रोसारिओ, १७ ऑक्टोबर

चि. लिसांद्रोस अनेक आशीर्वाद.

रंगमंचाला साफ नकार. म्हणाले, धारवाला कुणाकडे चढून जात नाही, लोक खाली येतात. मी नाद सोडला. मग जेवताना स्वतःच विचारलं, क्लबाचं फाटक रात्री उघडं असतं का.

ओफेलियानं सगळी गल्ली उठवली आहे. रविवारचं मांस कापायच्या सुऱ्या वर्तमानपत्रात गुंडाळून बायका शनिवारी फाटकाशी येणार आहेत. पहारेकरी घाबरला. ओफेलियानं त्याला समजावलं, अरे बाबा, बोथट आहेत म्हणून तर आणतोय.

आज सकाळी पापांनी सायकलमध्ये हवा भरली. तुला निरोप आहे: घड्याळ बघून सुरू करू नकोस. फाटकाबाहेरून शीळ येईपर्यंत हात तारांपासून लांब ठेव.

शनिवारची वाट बघणारी,
नेलिदा